एक रुपयाचा बायोडाटा

"आधी ह्यो कागद बघ, मग भाकरी मोड," असं म्हणून साखरबाईनं राजवर्धनच्या ताटाशेजारी कागद आपटला.

राजवर्धनचा हात ताटावरच थांबला. बारामतीच्या एमआयडीसीत साखरबाईच्या खानावळीत जेवणारी पोरं तिला मावशी म्हणत आणि तिच्या आवाजाला टरकून असत. राजवर्धन बँकेतला, म्हणून त्याला जरा मान होता. म्हणजे आमटी दुसऱ्यांदा मागावी लागत नसे, इतकंच. पण आज लक्षण काही ठीक दिसत नव्हतं.

"काय झालं मावशी?"

"काय झालं त्ये तूच सांग. तुज्याच बँकेचा कागद हाय. कार्ड बी तूच गळ्यात मारलंस माज्या."

हे मात्र खरं होतं. गेल्या वर्षी खानावळीला मोठा फ्रीज घ्यायचा ठरला, तेव्हा "क्रेडिट कार्ड घ्या मावशी, हप्ते पडतील" असं यानंच पटवलं होतं. साखरबाईनं कार्ड घेतलं, फ्रीज आणला आणि कार्ड साबुदाण्याच्या डब्यात टाकून दिलं. स्टेटमेंट मात्र दर महिन्याला पोस्टानं, कागदावरच आलं पाहिजे, असं तिनं बँकेत बजावून सांगितलं होतं. मोबाईलवर आलेलं तिला आल्यासारखं वाटत नसे.

राजवर्धननं डाव्या हातानं कागद उलगडला. "हा फ्रीजचा हप्ता..."

"त्यो कळतोय मला. त्याच्या खालचं बघ. मागच्या म्हयन्यात बी हाय, त्याच्या मागच्यात बी हाय. मला वाटलं फ्रीजचंच काय तरी आसंल. आज चष्मा लावून बघितलं तर नाव येगळंच."

खाली आठशे-नऊशेचा आकडा होता आणि त्याच्या आधी इंग्रजी अक्षरांची एक माळ. मध्ये चांदणी, पुढे नुसते आकडे. ते माणसाचं नाव नव्हतं, दुकानाचं नव्हतं, गावाचं तर नव्हतंच.

"वेबसाईटचं सबस्क्रिप्शन आहे मावशी."

"मराठीत बोल."

आसपासच्या पोरांनी माना ताटात घातल्या. राजवर्धननं जरा विचार केला. "तुमच्याकडं डबा लावतात ना, तसं. एकदा लावला की दर महिन्याला पैसे आपोआप कापले जातात."

"मी कुणाचा डबा लावल्याला न्हाय."

"या कार्डावरून कुणीतरी लावलाय."

"बरं, लावला. आन खाडं?"

"खाडे?"

"आरं, डबा आला म्हंजी खाडं आलंच की! तू दिवाळीला गावाकडं जातोस तवा तुजं खाडं धरती का न्हाय मी? तेवढ्या दिसाचं पैसं सोडती. मग ह्येंच्याकडं तीन म्हयनं कोण जेवायलाच गेलं न्हाय, तर ह्येंनी खाडं धराया नगं?"

"ते खाडे धरत नाहीत मावशी. तुम्ही वापरा नाहीतर वापरू नका."

"जेवलं न जेवलं, तरी पैसं?"

"तरी पैसे."

"काय मानसं म्हणायची का कोण ही!" साखरबाईनं कपाळाला हात लावला. पंचवीस वर्षं तिनं पोरांचे खाडे मोजले होते. कुणी आजारी पडलं तर त्याचाही खाडा धरून वर पेज पाठवली होती. "आन नाव असलं कसलं रं? पाटी नसंल व्हय ह्येंच्या दुकानाला?"

"वेबसाईटचं नाव एक असतं आणि पैसे घेणाऱ्या कंपनीचं दुसरं. आता तुमचंच बघा. बाहेर पाटी 'दीपक भोजनालय', आणि आम्ही मोबाईलवरून पैसे पाठवले की नाव येतं साखरबाई गेणबा शेंडगे. नव्या माणसाला वाटणारच, ही बाई कोण. थांबा, शोधतो." त्यानं मोबाईलवर ती अक्षरं घातली, थोडं वर-खाली केलं. "हां, सापडलं. रेझ्युमे..." मराठीत बोलायचं त्याला आठवलं. "बायोडाटा. बायोडाटा बनवून देणारी वेबसाईट आहे. पहिल्यांदा फक्त एक रुपया घेतात, आठवडाभर वापरून बघा म्हणतात. आणि तिथंच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की नंतर बंद नाही केलंत तर दर महिन्याला कापू. घरात कुणी बायोडाटा केलाय का?"

घरात माणसं ती किती! साखरबाई, तिची सून प्रतिक्षा आणि सहा वर्षांची नात संस्कृती. साखरबाईला इंग्रजी येत नव्हतं आणि संस्कृती अजून बाराखडीत होती.

साखरबाईनं कागद त्याच्या हातून काढून घेतला. "जेव. गार हुतंय," म्हणाली आणि आत गेली. आमटी वाढायला त्या दिवशी पुन्हा बाहेर आलीच नाही.

बायोडाटा म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. वर गणपती, खाली मुलीचं नाव, जन्मतारीख, रास, उंची, रंग, मामाचं गाव, आणि शेवटी अपेक्षा. आठ वर्षांपूर्वी लासुर्ण्याहून प्रतिक्षाचा आला होता तो तिनं चष्मा लावून दोनदा वाचला होता. बी.कॉम. झालेली, गव्हाळ रंगाची, उसातल्या घरची मुलगी. तिचा मुलगा दीपक आतल्या खोलीत उगाच पाणी पीत उभा होता. साखरबाई म्हणाली होती, "मला पसंत हाय, आता तुज्या मनाचं सांग," आणि तो लाजून तांब्या घेऊनच बाहेर पळाला होता.

अडीच वर्षांपूर्वी भिगवण रस्त्याला, उसाच्या बंद पडलेल्या ट्रॉलीवर दीपकची मोटारसायकल आदळली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. लोक म्हणाले, सून आता लासुर्ण्याला जाईल. सून गेली नाही. तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी ती कंबर बांधून परातीला बसली आणि म्हणाली, "आत्या, किती पोरांचं पीठ मळू?" तेव्हापासून खानावळीचा हिशेब, किराणा, गॅसचा नंबर लावणं, सगळं तीच बघत होती. एमआयडीसीतल्या बायका म्हणायच्या, साखरबाईनं सुनेला लेकीसारखी ठेवलीय. साखरबाईला ते ऐकायला फार आवडायचं.

आणि आता हे!

पहिल्यांदा तिला राग आला, तोही असा-तसा नाही. लग्न करायचं तर कर, पण चोरून? आणि माझ्याच कार्डावर? मग रागाच्या मागून भीती आली. नवं घर संस्कृतीला घेईल का? घेतलं तर ती इथं दिसायची नाही, आणि नाही घेतलं तर पोरगी आईविना झुरेल. दोन्हीकडून मरण आपलंच.

पुढचे काही दिवस खानावळीतल्या पोरांचे वाईट गेले. प्रतिक्षा फोन घेऊन दारात गेली की साखरबाई पिठाचा गोळा असा आपटायची की परात हलायची. दुपारी प्रतिक्षा "जरा जाऊन येते" म्हणून नवा ड्रेस घालून बाहेर पडली, तेव्हा साखरबाईनं "कुठं?" असं विचारलं नाही; न विचारण्यातच तिनं सगळं ऐकवलं. जेवायला येणाऱ्या एकेकाकडं ती संशयानं बघायला लागली. मोटार वायंडिंगच्या कारखान्यातल्या एका पोरानं "वहिनींच्या हातचा ठेचा भारी असतो" एवढं म्हटलं, तर बिचाऱ्याला आठवडाभर ठेचा दिसला नाही. प्रतिक्षाला काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं, काय ते कळत नव्हतं. दोघी एकाच चुलीपुढं पाठ करून वावरत होत्या.

शेवटी एका सकाळी "गावाकडं जाऊन येती" असं सांगून साखरबाई इंदापूरच्या एसटीत बसली आणि आपल्या गावी वरकुट्याला न जाता लासुर्ण्याला उतरली.

प्रतिक्षाची आई दगडाबाई ओट्यावर हुलगे निवडत होती. विहिणीला बघून तिनं सूप बाजूला सारलं. "इहीणबाई! आवं, फोन तरी करायचा! पोरी बऱ्या हायत न्हवं?"

"बऱ्या हायत. तुमी पोरीचं बघताय, त्ये इचाराया आले."

"कशाचं?"

"लग्नाचं. बायोडाटा झालाय, पैसं भरल्यात, त्ये बी माज्या कार्डावनं. फकस्त मला सांगायचं तेवढं राह्यलं."

दगडाबाईनं गळ्याला हात लावला. "आमी कसला बायोडाटा केला न्हाय, बाई. देवाशप्पथ. पर आता तुमीच तोंड उघडलं म्हणून सांगते. दोन येळा इचारणं झालं तिला. एक स्थळ डाळजचं हुतं, बायको गेल्याला माणूस, पोरीला पदरात घ्याया तयार हुता. घरदार चांगलं. प्रतिक्षा हितंच बसली हुती, तुमी बसलाय तितं. न्हाय म्हणली."

"का?"

"का म्हंजी? तुमच्यापायी! म्हणली, आत्यांचं पोर गेलं, आता मी आन संस्कृती बी गेलो तर त्या कुणासाठी उठतील सकाळी? वर मलाच दम दिला, पुन्यांदा इषय काढशील तर म्हायेरला पाऊल टाकायची न्हाय म्हणून."

साखरबाई भांडायला आली होती. दगडाबाईनं चहा केला, तो साखरबाई बशीत ओतून प्यायली आणि साखर किती पडली होती तेही तिला कळलं नाही.

परतीच्या एसटीत ती खिडकीला बसली. दोन्ही बाजूंनी ऊस मागं पळत होता आणि हिला लाजेनं मान वर करवत नव्हती. लेकीसारखी ठेवलीय म्हणून मिरवत होते, आणि पोरगी दोनदा माझ्यासाठी नाही म्हणाली हे मला ठाऊकसुद्धा नाही! नवरा गेणबा वारला तेव्हा साखरबाई प्रतिक्षाएवढीच होती, दीपक काखेत. पुन्हा लग्न करतेस का, असं तिला एकाही माणसानं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आपण काय म्हणालो असतो? तिला आजही सांगता आलं नसतं. पण विचारायला हवं होतं, असं मात्र तिला त्या एसटीत अगदी आतून वाटलं आणि डोळे भरून आले. शेजारच्या बाईनं विचारलं, "गाडी लागती का?" साखरबाई म्हणाली, "व्हय."

आता शेवटी पोरीनं आपणहून बायोडाटा केला असेल, तर तिला वाटलं असेल काहीतरी. वाटू दे.

दुपारी पोरं जेवून गेली होती, संस्कृती शाळेत होती. प्रतिक्षा मोठी पातेली घासत होती.

"हात धू आन हितं बस," साखरबाई म्हणाली. "बायोडाटा केलायस त्ये कळलं मला."

प्रतिक्षाचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलं?"

"त्ये जाऊ दे. मला राग आला हुता, आता न्हाय. तू तरणीताठी हायस, उभा जन्म काढायचाय तुला. चांगला बघ. पिणारा नगं. आन संस्कृतीला जीव लावणारा पायजे, एवढंच माजं म्हणणं. तिला नेलीस तरी मी आडवी येणार न्हाय. आईपासनं लेकरू तोडायची बाई न्हाय मी."

प्रतिक्षानं ओले हात ओढणीला पुसले. "आत्या, चांगला काय बघू?"

"नवरा! आनी काय?"

प्रतिक्षानं ओढणी तोंडात कोंबली. आधी खांदे हलले, मग हसू बाहेर फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आत्या, आवं आत्या, त्यो बायोडाटा नोकरीचा हाय!"

"नोकरीचा बी आसतोय?"

"आसतोय की! तीन म्हयन्यांमागं हितल्याच कंपनीत अकौंटला जागा निघाली, त्या दुपारी मुलाखतीला बी जाऊन आले. त्येंना बायोडाटा पायजे हुता. मोबाईलवर आलं, येक रुपयात फोटोसकट करून मिळंल. म्हणून साबुदाण्याच्या डब्यातलं कार्ड घेतलं. येक रुपयाचं काय सांगायचं, म्हणून बोलले न्हाय. पुढं पैसं कापत्यात हे मला काय म्हाईत? किती गेलं?"

"गेलं त्ये गेलं. नोकरीचं का बोलली न्हाईस?"

प्रतिक्षा खाली बघून नखं खरवडायला लागली. "लागली तर सांगणार हुते. न्हाय लागली तर उगं तुमाला वाटायचं, हिला भाकऱ्या थापायची लाज वाटती."

"येडी का खुळी तू," साखरबाई म्हणाली. तिच्या जिवात जीव आला होता. पोरगी कुठं जात नव्हती, नात कुठं जात नव्हती! तिला इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याचीच तिला लाज वाटली.

संध्याकाळी राजवर्धन जेवायला आला, तेव्हा तिघं प्रतिक्षाच्या मोबाईलवर ओणवी झाली. वेबसाईटवर तिचं खातं उघडलं, एका कोपऱ्यात खाली, बारीक अक्षरात बंद करायची जागा सापडली. ती दाबली तर वेबसाईटनं विचारलं, आम्हाला का सोडून चाललात, कारण सांगा. कारण दिलं तर म्हणाली, थांबलात तर निम्मेच पैसे घेऊ. तेही नको म्हटल्यावर पुन्हा विचारलं, खरंच जायचंय?

"कुणी डबा बंद केला तर मी आजवर कारण इचारलं न्हाय," साखरबाई म्हणाली. "ज्याला जायाचंय त्याला जाऊ द्यावं."

राजवर्धननं शेवटचं बटण दाबायला लावलं. बंद झाल्याचा मेल आला तो जपून ठेवायला सांगितला, शेवटच्या महिन्याचे पैसे परत मागणारा चार ओळींचा मेलही लिहून दिला. "मिळाले तर मिळाले. आणि उद्या बँकेत या, या कंपनीला कार्डावरून पुन्हा काही कापता येणार नाही असं करून ठेवू." साखरबाईनं त्याला न मागता ठेचा वाढला.

तो गेल्यावर ती प्रतिक्षाला म्हणाली, "आता दुसरा कर."

"दुसरा काय?"

"बायोडाटा. लग्नाचा."

"आत्या, नगं हां. झालं न्हवं आता सगळं?"

"लासुर्ण्याला जाऊन आले मी. डाळजच्या स्थळाचं कळलंय मला."

प्रतिक्षा उठायला लागली, तशी साखरबाईनं तिला हाताला धरून बसवलं.

"माज्यापायी न्हाय म्हणलीस. आता माज्या तोंडाकडं बघ आन सांग, तुला सवताला नगं हाय म्हणून. मग मी जल्मात इषय काढणार न्हाय."

प्रतिक्षानं तोंड उघडलं आणि मिटलं. डोळ्यांतलं पाणी ओढणीनं टिपलं. मग तिनं मोबाईल मांडीवर घेतला. साखरबाई घाईनं म्हणाली, "फुकटातला बघ बाई, येक रुपयाचा नगं," तेव्हा ती रडता रडता हसली.

वर गणपती आला. नाव, उंची, शिक्षण. नोकरीची जागा तूर्त मोकळी सोडली. पहिल्या पतीचं अपघाती निधन, असं लिहिताना प्रतिक्षाची बोटं अडखळली, तेव्हा साखरबाई दुसरीकडं बघत बसली. एक मुलगी, ती आईसोबत राहील. हे वाक्य साखरबाईनंच सांगितलं आणि दोनदा वाचून घेतलं.

"खाली संपर्क. आईचा नंबर टाकते."

"दगडाबाईला फोनवर धड ऐकू येत न्हाय. माजा टाक."

"आन नातं काय लिहू?"

"सासू."

"आवं आत्या, बायोडाट्यात कुणी सासूचा नंबर देतंय व्हय! वाचूनच लोकं घाबरतील."

"घाबरणारी हितंच गळतील. बरंच हाय की."

प्रतिक्षानं लिहिलं.

नोकरी तिला लागली. सकाळी नऊला ती डबा घेऊन कंपनीत जायला लागली आणि साखरबाईनं भाकऱ्यांना एक बाई ठेवली, तरी जेवणाच्या वेळेला तवा स्वतःकडंच ठेवला. अशाच एका दुपारी खानावळ गच्च भरली असताना तिचा फोन वाजला. हात पिठात होते. तिनं राजवर्धनला खुणेनं बटण दाबायला लावलं, आणि फोन मोठ्या आवाजात सुरू झाला.

"नमस्कार. प्रतिक्षा शेंडगेंचा बायोडाटा बघितला आम्ही," पलीकडून एक वयस्क गृहस्थ बोलत होते. "जरा विचारायचं होतं. ह्या नंबरापुढं सासू असं लिहिलंय. ते चुकून पडलंय का?"

पोरांचे हात ताटात थांबले. साखरबाईनं हातावरची भाकरी तव्यावर टाकली, पदराला हात पुसले आणि फोन उचलून कानाला लावला.

"न्हाय जी, बराबर पडलंय," ती म्हणाली. "मी तिची सासूच बोलतीया. इचारा काय इचारायचं त्ये."

बोलत बोलत ती मागच्या दाराकडं गेली आणि सगळ्यांकडं पाठ करून उभी राहिली. तव्यावरची भाकरी करपायला लागली. राजवर्धननं उठून गॅस बंद केला.